'ताई, ट्रेसिंग पाठवा': कसुतीची नक्षी दुसऱ्याच्या कामावरून उचलताना

नमस्कार मंडळी! नवरात्राचे ब्लाउज शिवायला टाकायचे दिवस आले, आणि कमेंटमध्ये पुन्हा तीच ओळ सुरू झाली: 'ताई, त्या तुळशी वृंदावनाचं ट्रेसिंग पाठवा ना.'

नाही पाठवणार. रागानं नाही म्हणत. कसुती म्हणजे कापडाचे धागे मोजून करायचं कर्नाटकातलं भरतकाम, त्याला ट्रेसिंग नसतंच!

आधी एक गोष्ट. दुसऱ्याचं काम बघून नक्षी उचलण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, पोपट, तुळशी वृंदावन, या नक्ष्या कुणा एकीच्या मालकीच्या नाहीत. इरकलीचा पदर मांडीवर घेऊन, टाके मोजून त्या एकीकडून दुसरीकडे गेल्या. पण कुणी स्वतः बसून चौकटीच्या कागदावर नवीन नक्षी मांडली असेल, तर तिला विचारा. फोटो टाकताना तिचं नाव लिहा. आणि तिचा विकतचा तक्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट फिरवू नका. 'शेअरच तर केलं' म्हणे! आठ-आठ दिवस खोडरबर घासून तक्ता होतो, बायांनो.

आता साहित्य आणि टाके, पटकन सांगते, कारण हे बहुतेकांना येतं. सहा पदरी लडीतले दोन पदर, कापड बारीक असेल तर एकच. दोरा 45 सेंटिमीटर, त्याहून लांब घेतला की पिंजतो. बोथट टोकाची सुई, मॅटीवर (धागे सहज मोजता येणारं जाड विणीचं कापड) 24 नंबर, बारीक हातमागावर 26. टाके चार. गवंती म्हणजे जाऊन परत येणारा धावदोरा, मुर्गी म्हणजे तोच जिन्यासारखा, नेगी म्हणजे विणल्यासारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा, मेंथी म्हणजे फुली. गाठ मारायची नाही. सुरुवातीला पाच-सहा सेंटिमीटर शेपूट सोडायचं आणि शेवटी मागच्या टाक्यांत ओवायचं. झालं.

आता खरी अडचण. (कापड कॅमेऱ्याजवळ धरून) ही तिरकी रेघ बघा, दातरे पडलेत. ही कार्बनने छापून भरलीय. छापलेली रेघ कापडाचे धागे बघून पडत नाही. त्यामुळे सुई कधी दोन धाग्यांच्या मधल्या भोकात जाते, कधी धागाच फोडते. एक टाका तीन धाग्यांवर, पुढचा साडेचारवर. हात कितीही साफ असू द्या, रेघ अशीच येणार.

दुसऱ्या बाजूनं सांगते. 'फोटो प्रिंट केला, मापात बसवला, तरी वृंदावन उंच का झालं?' कारण हातमागाच्या कापडात उभे आणि आडवे धागे एका इंचात सारखे नसतात. एक इंचावर दोन टाचण्या लावा आणि सुईच्या टोकानं धागे मोजा, दोन्ही दिशांनी. समजा उभे धागे 40 आले आणि आडवे 32. आडवा टाका उभ्या धाग्यांवरून जातो, म्हणजे चार धाग्यांचा टाका इंचाचा दहावा भाग. उभा टाका आडव्या धाग्यांवरून जातो, तिथं चार धाग्यांचा टाका इंचाचा आठवा भाग. चाळीस टाक्यांची चौकोनी नक्षी चार इंच रुंद आणि पाच इंच उंच होणार. तुमची चूक नाही, कापडाचा हिशोब आहे.

उपाय काय? आडवा टाका पाच धाग्यांवर घ्या, उभा चारवरच ठेवा. दोन्ही इंचाचा आठवा भाग. चौकोन चौकोनच राहतो.

आणि तिसऱ्यांदा, कारण तरीही कुणीतरी ट्रेसिंग मागणारच आहे. फोटोतून चित्र घ्यायचं नाही, आकडे घ्यायचे. फोटो मोठा करा, टाके मोजा, चौकटीच्या वहीवर मांडा. चौकटीची एक बाजू म्हणजे एक टाका. मोजता येत नसेल तर तो फोटो सोडा, दुसरा शोधा.

बारीक कापडावर डोळे दुखत असतील तर वेस्ट कॅनव्हास वापरा, म्हणजे टाके मोजण्यापुरतं लावून नंतर काढून टाकायचं जाळीदार कापड. तो वरून कच्च्या टाक्यांनी बसवायचा, टोकदार सुईनं भरायचं, मग ओलसर करून त्याचे धागे चिमट्यानं एकेक ओढायचे. दोन-तीन एकदम ओढले की टाके सैल होतात.

गवंतीत अजून एक. मुख्य रेघेवर जाताना फांदी लागली की लगेच तिच्या टोकापर्यंत जा, मोकळ्या जागा भरत परत या, मग पुढं चला. 'येताना बघू' म्हटलं की दोरा अडकतो आणि मागून आडवी उडी दिसते. परतीला सुई प्रत्येक वेळी आधीच्या टाक्याच्या एकाच बाजूनं वर काढा आणि पुढच्याच्या दुसऱ्या बाजूनं खाली घाला. रेघ सरळ बसते.

'सगळ्यांच्या पाठीवर वृंदावनच दिसतंय, वेगळं काय करू?' छान प्रश्न. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात जा, कोल्हापुरी साज बघा. मासा, कासव, कमळ, सगळं साजाच्या पानांत, म्हणजे त्यात ओवलेल्या छोट्या पदकांत आहे. सोनाराकडून उचला की! फक्त कसुतीत गोलाई नाही, आडवं, उभं आणि तिरकं एवढंच. गोल पानाचा अष्टकोन करा: सरळ बाजू चार टाके, तिरकी तीन, म्हणजे एकूण रुंदी दहा टाके. मघाच्या मापानं सव्वा इंच.

ब्लाउजचं कापड आधी कापू नका. टेलरकडून पाठीचा आकार आखून घ्या, मध्यरेघ कच्च्या टाक्यानं घाला, भरून झाल्यावर कापा. लाल-काळा दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या कापडावर आधी घासून बघा, रंग सुटतो का. आणि खणावर कसुती? खणात आधीच विणलेली बुट्टी असते, दोन्ही नक्ष्या भांडतात. साधं हातमाग घ्या.

कापड मोजून झालं की खाली दोन आकडे लिहा, उभे किती, आडवे किती. किती धाग्यांचा टाका घ्यायचा ते मी तिथंच सांगते.