वाचनालयातलं टेबल, ऑक्टोबर १९४३

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून छायाचित्रांविषयी बोलणं म्हणजे फोनवर हातवारे करण्यासारखं आहे, हे मला कळतं. तरी आज मी तेच करणार आहे. ही छायाचित्रं ऐंशी वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या एका हायस्कुलातली. पहिल्या नजरेला त्यांत सांगण्यासारखं काहीच नाही. मुलं वर्गात बसली आहेत, वाचनालयात वाचताहेत, लॉकरपाशी रेंगाळताहेत. एवढंच.

साल १९४३, महिना ऑक्टोबर. शाळा वॉशिंग्टन शहरातली, वुड्रो विल्सन हायस्कूल. फोटो काढणारी एस्थर बब्ली, वय अवघं बावीस. विस्कॉन्सिन राज्यातल्या फिलिप्स नावाच्या छोट्या गावात जन्मलेली ही मुलगी सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयात लागली ती डार्करूममध्ये, इतरांचे फोटो धुण्याच्या कामावर. सुट्टीच्या वेळात स्वतः कॅमेरा घेऊन शहरभर फिरायची. साहेब होते रॉय स्ट्रायकर, मंदीच्या काळात उद्ध्वस्त शेतकऱ्यांचे फोटो काढायला माणसं पाठवणारे. त्यांनी तिचं काम पाहिलं आणि तिच्या हाती कॅमेऱ्याचं काम दिलं.

आता गंमत पाहा. खातं प्रचाराचं, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. अशा वेळी फोटो कसले हवेत? तोफांचे, जहाजांचे, कारखान्यात विमान जोडणाऱ्या बायकांचे. ते निघालेही हजारोंनी. आणि ही बाई शाळेत जाऊन पुस्तकात डोकं घातलेल्या मुलींचे फोटो काढते! मी बरीच वर्षं शाळेच्या वाचनालयात नोकरी केली, म्हणून असेल, पण मला तोफांपेक्षा हेच फोटो जास्त बोलके वाटतात. फक्त युद्ध कुठे लपलंय ते शोधावं लागतं.

पायांपासून सुरुवात करू. फेब्रुवारी १९४३ पासून अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर रेशन होतं, माणशी वर्षाला तीन जोड. पाय भराभर वाढणाऱ्या वयातल्या मुलांच्या आयांना विचारा, तीन जोड म्हणजे काय ते. मुलींच्या पायांत घोट्यापर्यंतचे पांढरे मोजे. ती फॅशन होतीच, पण रेशमी लांब मोजे मिळणारच नव्हते. रेशीम यायचं जपानमधून, आणि नवं निघालेलं नायलॉन गेलं पॅराशूटला.

रेशनची पुस्तकं वाटली कोणी? शाळामास्तरांनी. मे १९४२ मध्ये साखरेचं रेशन सुरू झालं तेव्हा घरोघरची माणसं शाळेत येऊन रांगेत उभी राहिली आणि शिक्षकांनी एकेकाची नोंद करून पुस्तकं हातात दिली. जनगणना आणि मतदारयाद्यांनी पिचलेल्या आपल्याकडच्या गुरुजींना यात नवल वाटणार नाही. मुंबईतही धान्याचं रेशनिंग १९४३ मध्येच सुरू झालं.

वर्गातल्या तासांतही युद्ध शिरलं होतं, पण बूट काढून, आवाज न करता. गणिताच्या तासाला युद्धाचे स्टँप, म्हणजे युद्धखर्चासाठी सरकारने विकलेली बचतीची तिकिटं. दहा सेंटचा, पंचवीस सेंटचा. मुलं खाऊच्या पैशांतून ते घेत आणि पुस्तिकेत चिकटवत. पंचवीस सेंटचे पंच्याहत्तर झाले की १८ डॉलर ७५ सेंट. तेवढ्यात एक बाँड यायचा आणि दहा वर्षांनी सरकार त्याचे २५ डॉलर देणार. चक्रवाढ व्याज शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठल्या मास्तरांना मिळालं असेल?

सुतारकामाच्या वर्गाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाने शाळांकडे विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. खेळायला नव्हे. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून. प्रमाण ठरलेलं होतं, एकास बहात्तर. अशी प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली की खरं विमान साधारण अर्ध्या मैलावरून दिसतं तेवढीच दिसते. रंग काळा, कारण उंचावरच्या विमानाची फक्त आकृती दिसते. कानशीने पंख घासणाऱ्या पोराचा हात जरा हलला, तर तिकडे कुणीतरी चुकीचं विमान पाडणार. आमच्या हस्तकलेच्या तासाला एवढी जोखीम कधी नव्हती.

भूगोलाचं सांगायलाच नको. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरच्या भाषणाआधी लोकांना सांगून ठेवलं होतं, समोर जगाचा नकाशा घेऊन बसा. नकाशांवर लोकांच्या उड्या पडल्या. हे ऐकून आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांना हेवा वाटतो, तो सोडून द्या. पण ज्या मुलांना कालपर्यंत शेजारचं राज्य नकाशावर सापडत नव्हतं, त्यांना आता पॅसिफिक महासागरातलं ग्वादलकनाल बेट आणि बर्मा सापडू लागलं. आसामही, कारण तिथूनच अमेरिकन विमानं हिमालय ओलांडून चीनला माल नेत होती.

आणि मुलं? फोटोतले वरच्या वर्गातले मुलगे पाहा. वॉशिंग्टनच्या शाळांत कॅडेटची कवायत फार जुनी, युद्धाच्या कितीतरी आधीची. गणवेश घातलेलं पोर तिथे रोजचंच दृश्य. पण नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचं वय वीसवरून अठरावर आलं. म्हणजे बब्लीच्या कॅमेऱ्यासमोर मान खाली घालून वही लिहिणारा सतरा वर्षांचा मुलगा वाढदिवसाची वाट कशी पाहत असेल, याचा विचार आपणच करायचा. फोटोत ते लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट फोटोत नाही, आणि ती मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. या शाळेत एकही काळं मूल दिसत नाही. दिसणारच नव्हतं. लोकशाहीसाठी लढणाऱ्या देशाच्या राजधानीत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. काळ्या मुलांनी जायचं डनबारला, आर्मस्ट्राँगला, कार्डोझोला. ज्या अध्यक्षाचं नाव या शाळेला दिलं, त्या विल्सन यांच्याच कारकिर्दीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमधून काळ्यांना वेगळं बसवणं वाढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतल्या वेगळ्या शाळा १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. २०२२ मध्ये या शाळेचं नाव बदललं. आता ती जॅक्सन-रीड हायस्कूल आहे. एडना जॅक्सन तिथल्या पहिल्या काळ्या शिक्षिका, व्हिन्सेंट रीड पहिले काळे मुख्याध्यापक.

मी परत वाचनालयात येतो. माझी सवयच ती. लांब टेबलं, त्यांच्याभोवती मुलं-मुली, समोर उघडी पुस्तकं. कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. त्या वर्षी कागदावरही नियंत्रण होतं. लोकांनी घरातली पुस्तकं सैनिकांसाठी द्यावीत म्हणून १९४२-४३ मध्ये देशभर मोहीम चालली. त्यात वाचनालयांनी पुढाकार घेतला आणि लाखो पुस्तकं गोळा झाली. त्यांत नको ती रद्दीही पुष्कळ आली. पुस्तकदान म्हटलं की हे होतंच, मला विचारा.

मग प्रकाशकांनी दुसरी वाट काढली. खास सैनिकांसाठी छोटी, हलकी, आडव्या आकाराची पुस्तकं, गणवेशाच्या खिशात मावतील अशी. मासिकांच्या छापखान्यात एकावर एक दोन पुस्तकं छापायची आणि मधोमध कापायची. युद्ध संपून काही काळ लोटेपर्यंत अशी बारा कोटींवर पुस्तकं छापली आणि ती सैनिकांना फुकट दिली. त्यांचे पहिले गठ्ठे रवाना झाले ते १९४३ च्या शरद ऋतूत, म्हणजे बब्ली विल्सन हायस्कुलात फोटो काढत होती त्याच सुमाराला.

वाचनालयातल्या त्या टेबलावर मात्र अजून जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आहेत, घरी न्यायची आणि तारखेला परत आणायची.

नमस्कार.