केळं काळं पडलं की

[दृश्य: ओट्यावर केळ्यांची फणी, सालीवर काळे ठिपके]

वैशाखात जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि घरात आणून ठेवलेला केळ्यांचा घड एकदमच पिकतो. खाऊन खाऊन किती खाणार? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काळ्या पडलेल्या केळ्याला कोणी विचारत नाही. केकला मात्र नेमकं तेच लागतं.

पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते. म्हणून अशी तीन केळी कुस्करून घेतली, की दीड वाटी कणकेला अर्धी वाटी साखरही पुरते. गराने पीठ धरून राहतं, अंडं नसलं तरी अडत नाही.

[दृश्य: कढईच्या तळाशी बेरी]

आता खरा हिशेब. तीन केळी वाचवायची म्हणून बाजारातून बटर, क्रीम आणि चॉकलेट आणायचं, याला काटकसर म्हणत नाहीत. घरात काय उरलंय ते आधी बघायचं. तूप कढवल्यावर खाली राहिलेली बेरी केकमध्ये घाला, खमंगपणा येतो. कालचं दही आंबलंय? उत्तम. त्यातलं आम्ल आणि खायचा सोडा भेटले की वायू सुटतो, केक फुगतो. बेकिंग पावडरचा वेगळा डबा लागत नाही. फक्त सोडा घातल्यावर पीठ तसंच ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही. वायू निघून गेला, की केक बसलाच.

[दृश्य: कुकर, तळाशी मीठ, वर जाळी]

ओव्हन नसला तरी कुकर आहे. शिट्टी आणि रिंग काढायची, पाणी घालायचं नाही, तळाशी जाड मीठ पसरून दहा मिनिटं तापू द्यायचं. मग जाळीवर डबा, आच मंद. पाऊण तासाच्या आसपास सुरी खुपसून बघा. कोरडी निघाली की झाला. मीठ गार झालं, की वेगळ्या बरणीत. पुढच्या केकलाही तेच चालतं.

ओव्हन असेल, तर एका केकसाठी तो तापवू नका. केक निघाला, की त्याच उष्णतेत शिळ्या पावाचे तुकडे टोस्ट होतात, शेंगदाणे भाजले जातात.

[दृश्य: शेतात गोवऱ्यांचा आर, बट्ट्या]

खान्देशात हे कोणी नव्याने शिकवायला नको. शेतातल्या पार्टीत गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, बट्ट्या (पिठाचे गोळे) भाजून निघतात, आर उरतोच, मग त्यात वांगी जातात. उरलेल्या बट्ट्या दुसऱ्या दिवशी कुस्करून, तूप-गूळ घालून चुरमा. आमच्या मते तो ताज्या बट्टीपेक्षा सरस, पण यावर वाद होऊ शकतो.

[दृश्य: गोठा]

केळ्याच्या साली राहिल्या. त्या म्हशीपुढे.