शेजार मोडला तो सीझन

नमस्कार मंडळी. फुटबॉल म्हटलं की कोल्हापूरकरांना शाहू स्टेडियम आठवणार, पण आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या फुटबॉलबद्दल, तो लांबट बॉल हातात धरून पळतात तो, आणि त्यातही कॉलेजचा. एकच सीझन घेतलाय, २०२३ चा, पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा.

कॉन्फरन्स म्हणजे काय, तर कॉलेजांचा गट, दरवर्षी आपापसात खेळायचं आणि टीव्हीचे पैसे वाटून घ्यायचे. हिचं मूळ १९१५ सालचं, पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार कॉलेजं एकत्र आली तिथून सुरुवात. पुढे बारा झाली आणि ती बहुतेक जोडीजोडीने होती बघा, लॉस एंजेलिसमध्ये दोन, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास दोन, अ‍ॅरिझोनात दोन, ओरेगनमध्ये दोन, वॉशिंग्टन राज्यात दोन, आणि मागून आलेली युटा आणि कोलोरॅडो. ओरेगनच्या दोन कॉलेजांची गावं, यूजीन ते कॉर्वॅलिस, जेमतेम पासष्ट किलोमीटर, एकाच घरात एक भाऊ इकडचा आणि एक तिकडचा. माझ्या मते कॉन्फरन्स म्हणजे खरं हेच, शेजार. भांडायला सुद्धा शेजारीच लागतो ना.

तर २०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेन कॉन्फरन्सला जातो म्हणाली. कारण सरळ, तिकडे टीव्हीचा पैसा जास्त. पॅक-ट्वेल्व्हचा टीव्ही करार २०२४ ला संपणार होता, आता लॉस एंजेलिसच हातचं गेल्यावर नवीन करार करायचा कशाच्या जोरावर? वाटाघाटी लांबत गेल्या, दुसऱ्या कॉन्फरन्सनी आपापले करार उरकून घेतले, शेवटी हातात उरली ती अ‍ॅपलची स्ट्रीमिंगची ऑफर, त्यात किती लोक सबस्क्रिप्शन घेतात त्यावर बरंच अवलंबून. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. मग ४ ऑगस्ट, एका दिवसात पाच कॉलेजं गेली, ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट, युटा. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल सुद्धा, आणि ती कुठे तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं! मागे राहिली दोन, कॉर्वॅलिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

आणि त्याच आठवड्यात सीझन सुरू. मला राहून राहून नवल वाटतं ते याचं, की घर मोडतंय हे सगळ्यांना माहिती असताना पोरं असली खेळली की कित्येक वर्षांत या कॉन्फरन्सने असा सीझन पाहिला नव्हता. कोलोरॅडोने नवे कोच डिऑन सँडर्स यांच्या पहिल्याच मॅचमध्ये टीसीयू कॉलेजला ४५-४२ हरवलं, आधीच्या वर्षीच्या फायनलिस्ट टीमला, पुढे ते ४-८ वर घसरले ते सोडा. अ‍ॅरिझोना १० मॅच जिंकलं. आणि वॉशिंग्टनचा मायकल पेनिक्स, डावखुरा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमसाठी बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, आधीच्या कॉलेजात चार सीझन दुखापतीत गेलेले, दोन वेळा गुडघा, दोन वेळा खांदा, तो सिएटलला येऊन असा बॉल टाकायला लागला की हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या मतदानात दुसरा आला. १४ ऑक्टोबरला ओरेगनला ३६-३३ हरवलं, १ डिसेंबरला लास वेगासला कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये परत ओरेगन, परत तीनच पॉइंटनी, ३४-३१.

पण मला थांबायचंय ते २५ नोव्हेंबरच्या अ‍ॅपल कपवर, वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, म्हणजे राज्याची वार्षिक भावकीच. पुलमन हे गव्हाच्या टेकड्यांतलं गाव, वस्ती साधारण ३३ हजार आणि स्टेडियमची क्षमता पण तेवढीच. मॅच मात्र सिएटलला. वॉशिंग्टन तोवर अजिंक्य, समोरचे ५-६, आणि स्कोअर २१-२१, शेवटचं एक मिनिट आणि थोडे सेकंद. चौथा डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा, हवा एक यार्ड, आणि बॉल वॉशिंग्टनकडे, स्वतःच्याच २९ यार्डांवर. इथे कुठलाही कोच बॉल लांब मारून देतो, कारण चुकलं तर समोरच्याला किक मारायला जागा आयती मिळते. वॉशिंग्टनचा कोच केलन डीबोरने बॉल रोम ओडुंझेच्या हातात दिला आणि तो कडेकडेने २३ यार्ड पळाला. मग ग्रेडी ग्रॉसची ४२ यार्डांची किक, घड्याळ शून्यावर आणि बॉल खांबांच्या मधून, २४-२१. हा ग्रॉस स्कॉलरशिपवर नव्हता हो, स्वतःच्या खर्चाने खेळणारा पोरगा, लॉकर रूममध्ये कोचने सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून तुला स्कॉलरशिप, आणि सगळी टीम त्याच्यावर तुटून पडली. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिलाय सांगता येणार नाही, दरवेळी गळा दाटतो.

वॉशिंग्टन पुढे १ जानेवारीला टेक्ससला ३७-३१ हरवून थेट राष्ट्रीय फायनलला गेलं, ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये मिशिगनने ३४-१३ हरवलं, चार दिवसांत डीबोर अलाबामाला गेला. संपलं.

पण मागे राहिलेल्या त्या दोघांचं, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटचं काय? सप्टेंबरमध्ये ते पुलमनला एकमेकांशी खेळले, वॉशिंग्टन स्टेट ३८-३५ जिंकलं, आणि त्या दिवशी टीव्हीवर 'कॉलेज गेमडे' या कार्यक्रमात त्या मॅचला 'आम्ही कुणालाच नको' असं नाव ठेवलं गेलं. हे मला आजही लागतं. त्याच कार्यक्रमात मागे गर्दीत वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा २००३ पासून प्रत्येक वेळी फडकतो, देशात कुठेही कार्यक्रम असो, त्यांची माणसं तो झेंडा तिथे पोचवतात. अशा लोकांना नको म्हणायचं? दोघे कोर्टात गेले, कॉन्फरन्सचा कारभार आणि पैसा जाणाऱ्यांनी ठरवायचा की राहणाऱ्यांनी, आणि नोव्हेंबरमध्ये व्हिटमन काउंटीच्या कोर्टाने या दोघांच्या बाजूने आदेश दिला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट वगैरे नवीन कॉलेजं यायचं ठरलं ते नंतरचं. मधल्या २०२४ मध्ये मात्र कॉन्फरन्समध्ये खरोखर दोनच टीम होत्या आणि सगळ्या सीझनभरात कॉन्फरन्सची अशी मॅच एकच, २३ नोव्हेंबरला कॉर्वॅलिसला. ओरेगन स्टेट ४१, वॉशिंग्टन स्टेट ३८.