पेप्टाइडची सुई आणि पुराव्याचा प्रश्न

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांच्या फ्रिजच्या दारात आजही एक पेप्टाइड असेल. इन्सुलिन. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, छोटी साखळी; इन्सुलिनमध्ये अशी ५१ अमिनो आम्लं, दोन जोडलेल्या साखळ्यांत. टोरांटोमध्ये १९२१ साली त्याचा शोध लागला आणि जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मधुमेही, चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंड या ग्रंथीच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही, सुई टोचली तिथे गळू मात्र झालं. मग जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी अर्क आणखी शुद्ध केला. जेमतेम दोन आठवड्यांत तो शुद्ध अर्क दिला, तेव्हा मुलाची साखर उतरली. अर्क एकाच ग्रंथीचा होता, फरक पडला तो शुद्धतेमुळे. हे ध्यानात असू द्या, कारण पुढे बाटलीबद्दल बोलायचं आहे.

सध्या ज्यांची चर्चा आहे ती वजन उतरवणारी इंजेक्शनं याच कुळातली. जेवलो की आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं पेप्टाइड सोडतं. ते इन्सुलिनला चालना देतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला पोट भरल्याची खबर देतं. पण रक्तात ते दोन-चार मिनिटांत मोडतं, त्यामुळे औषध म्हणून निरुपयोगी. वाट सापडली ती अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत. तिथलं पेप्टाइड आपल्या जीएलपी-१सारखंच काम करतं आणि जास्त टिकतं. त्यावरून घडवलेलं एक्झेनाटाइड २००५ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे आपल्याच जीएलपी-१च्या साखळीत थोडे बदल करून तिला एक मेदाम्ल जोडलं. त्यामुळे ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून असं घडवलेलं सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा पुरतं. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतल्या औषधशास्त्रातलं हे फार देखणं काम आहे.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांचं अडीच टक्केसुद्धा नाही. त्यातल्या काहींवर औषध थांबवल्यानंतरही लक्ष ठेवलं गेलं. उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. आपल्याकडे याच प्रकारचं टिर्झेपाटाइड मार्च २०२५मध्ये आलं, आणि वेगोव्ही, म्हणजे वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, जूनमध्ये. तेव्हापासून ‘लग्नाआधी तीन महिन्यांचा कोर्स’ मागणारी मुलं-मुली ओपीडीत दिसू लागली. त्यांना मी हाच दोनतृतीयांशचा आकडा सांगतो.

आता बाटली. लालबागचा एक तरुण खांदा दुखतो म्हणून आला आणि खिशातून करंगळीएवढी काचेची बाटली काढून त्याने टेबलावर ठेवली. रबरी बूच, तळाशी पांढऱ्या भुकटीची चकती. जिमच्या ट्रेनरने दिलेली. लेबलवर बीपीसी-१५७ आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. हे पंधरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड. उंदरांच्या स्नायूंवर आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांवर त्याचे बरेच प्रयोग झालेत, काही निष्कर्ष खरोखर आशादायक आहेत. माणसांवर मात्र तुरळक, अगदी लहान अभ्यास. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२पासून खेळाडूंना ते वर्ज्य केलंय. नव्या रक्तवाहिन्या फुटायला ते मदत करतं असं मानतात. दुखावलेल्या कंडरेला ते हवंच आहे, पण शरीरात कुठे कर्करोगाची दडलेली गाठ असेल तर तिलाही तेच हवं असतं.

तो म्हणाला, “सर, ट्रेनर स्वतः घेतो. त्याला काही झालं नाही.”

या युक्तिवादाचं उत्तर आपल्या मुंबईतच आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन या जिवाणूशास्त्रज्ञाने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. धाडस मोठं होतं, पण त्यावरून एवढंच कळलं की हाफकिन जगले. लस चालते हे कळलं भायखळ्याच्या तुरुंगात, जिथे साथ शिरली होती. काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी नाही, आणि दोन्ही गटांत किती जण आजारी पडले ते मोजलं गेलं. कैद्यांवर असा प्रयोग आज आपण होऊ देणार नाही, देऊही नये. पण तुलना केल्याशिवाय पुरावा होत नाही, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे. त्या ट्रेनरचा खांदा कदाचित विश्रांतीनेही बरा झाला असता.

दुसरी गोष्ट मापाची. भुकटीत पाणी घालून डोस इन्सुलिनच्या सिरिंजने मोजतात. आपल्या केमिस्टकडे दोन सिरिंज मिळतात. लाल टोपीची ४० युनिटची, नारिंगी टोपीची १०० युनिटची. इंटरनेटवरचा हिशोब असतो तो १०० युनिटच्या सिरिंजचा. त्यावरचे दहा युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर. लाल टोपीच्या सिरिंजवरचे दहा युनिट म्हणजे ०.२५ मिलिलिटर. अडीचपट डोस, आणि टोचणाऱ्याला पत्ताही नाही. शिवाय बाटलीत जिवाणूंच्या आवरणाचे अवशेष असले तर ताप भरतो, थंडी वाजते. मंजूर औषधाच्या प्रत्येक बॅचची ती तपासणी करावीच लागते, या बाटलीची कुणी केली?

गुडघ्यांसाठी कोलॅजन या प्रथिनाची पावडर घ्यावी का, अशी श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे. पोटात गेल्यावर ती पचते आणि तिचे तुकडे होतात, डाळीतल्या प्रथिनांचे होतात तसेच. ते तुकडे तुमच्या गुडघ्याकडेच जातील असं नाही. महिन्याला त्यावर हजारो रुपये घालवावेत असं मला वाटत नाही.

जे डॉक्टरांच्या सल्ल्याने जीएलपी-१ची इंजेक्शनं घेत आहेत त्यांनी घाबरून बंद करू नका. वजनाबरोबर स्नायूही उतरतात, म्हणून जेवणात डाळ, अंडी, मासे, पनीर वाढवा आणि डंबेल उचला. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जवळच्या नातलगाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण अशांना हे औषध देत नाहीत. मोतीबिंदू असो, हर्निया असो की एंडोस्कोपी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधीच सांगा. रात्रभर उपाशी राहूनही तुमच्या जठरात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भुलीखाली ते फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेतू शकतं. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं, तेही सांगा.