गंगेवरून तिवंधा चौकाकडे : पाहुण्यांसाठी नाशिक

(दृश्य : पावसाळा. गढूळ पाण्याचा लोंढा, त्यात उभी मूर्ती, पुलावर गर्दी.)

पाण्यात उभा दिसतोय तो दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून किती क्यूसेक पाणी सोडलं, हे आम्हा नाशिककरांना मोबाईलवर कळतं. तरी फोनवर विचारलं जातं ते एवढंच, "मारुतीच्या कुठवर आलंय?" घोटे, गुडघे, कंबर, छाती, गळा. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवायला लागतात. २००८, २०१६ आणि २०१९ साली मारुती दिसेनासा झाला होता.

नदीचं नाव गोदावरी. आमच्या घराघरांत मात्र "गंगेवर जाऊन येतो" असंच म्हणतात. तुम्ही रिक्षावाल्याला "गंगेवर सोडा" म्हणालात, तर भाडं कदाचित तेवढंच पडेल, पण तो तुम्हाला आरशातून एकदा बघेल.

(दृश्य : नाशिकरोड स्टेशन, बस, शालिमारचा चौक.)

रेल्वेने येणारे नाशिकरोडला उतरतात आणि शहर आलं असं समजतात. जुनं नाशिक इथून आठ-नऊ किलोमीटर पुढे आहे. सिटीलिंकची बस घ्या, शालिमारला उतरा किंवा पंचवटीत निमाणीला. रिक्षा केलीत तर बसण्याआधी भाडं ठरवा, उतरताना नको. स्वतःची गाडी आणली असेल तर ती बाहेरच लावून विसरून जा. दहीपुलापाशी समोरून टेम्पो आणि मागून हातगाडी आली की गाडीतल्या गाडीत नवरा-बायकोची भांडणं होतात, हे आम्ही दर सुट्टीच्या दिवशी फुकटात बघतो.

या फिल्ममध्ये द्राक्षांचे मळे नाहीत, वायनरी नाही. तिकडची वाट दाखवायला पाट्या भरपूर आहेत. आम्ही कॅमेरा घेऊन फिरलो ते रामकुंडापासून तिवंधा चौकापर्यंत. पायी गेलं तर हे अंतर अगदीच थोडं आहे. पण दिवस पुरत नाही.

(दृश्य : पहाट. रामकुंड, ओले पायऱ्यांचे दगड, सोवळ्यातले गुरुजी.)

रामकुंड. १६९६ सालचं बांधकाम, पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी दुरुस्त केलेलं. इथे अस्थिविसर्जनाला देशभरातून लोक येतात. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या अस्थींचं विसर्जनही इथेच झालं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला काढा आणि कठड्याला धरून उतरा. फोटो काढायचा असेल तर समोर कोण बसलंय ते आधी बघा. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलेलं असतं.

आता कॅमेरा थोडा सरकतो, आणि इथे आम्हाला तुमचा जास्त वेळ हवा आहे.

(दृश्य : कुंडांमागून कुंडं, वरून घेतलेलं चित्रण. दगडी काठ, मध्ये सिमेंटचा सपाट तळ.)

बहुतेक पाहुणे रामकुंड बघून वळतात. पण ही एका कुंडाची नदी नाही. लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्यादेवी कुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडेराव कुंड, ओक कुंड, वैशंपायन कुंड, मुक्तेश्वर. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये इथल्या कुंडांची यादी आहे, कोणी बांधलं त्याच्या नोंदींसकट. नदीचं पात्र उन्हाळ्यात आटायचं तेव्हाही कुंडांत पाणी राहायचं, कारण तळाशी झरे होते. जुन्या लोकांनी नदी अडवली नाही, तिच्या पात्रात जागोजागी दगडी हौद खोदून दोन कुंडांच्या मधून वाट काढली. पाणी एका कुंडातून दुसऱ्यात उतरत जायचं. सांडवे बांधले, त्यावरून माणसं पलीकडे जायची. एका काठाला आजही सांडव्यावरची देवी आहे. सांडवा कुठे होता, ते मात्र विचारावं लागतं.

मग सिंहस्थांची, म्हणजे कुंभमेळ्यांची, कामं आली. भाविकांची सोय म्हणून पात्रात काँक्रीट पडलं. काही कुंडांचा तळ बंद झाला, काही कुंडं नकाशात उरली. गोदाप्रेमींनी जुने नकाशे काढले, अर्ज केले, कोर्टात गेले. पुढे काही कुंडांतलं काँक्रीट फोडून काढलं गेलं, आणि खालचे दगड पुन्हा उजेडात आले. हे दगड बघा. एकावर एक बसवलेले, कोपऱ्यात आत वळलेल्या पायऱ्या, दिवा ठेवायची देवळी. पाणी खाली गेलेलं असेल तेव्हा या, मे महिन्यात सकाळी सातच्या आत.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल एवढंच सांगतो : तीर्थ म्हणून डोळ्यांना लावा, पिऊ नका.

(दृश्य : काठावरचं घर. लाल कापडात बांधलेली वही सुटते. पानावर मोडी, मग बाळबोध अक्षर.)

हे क्षेत्रोपाध्यायांचं घर आहे. गंगेवर तुम्हाला कुणीतरी विचारेल, "गाव कुठलं? आडनाव?" अनेक पाहुणे मान खाली घालून पुढे निघून जातात, काहीतरी विकतोय म्हणून. थांबा. गाव सांगा. प्रत्येक घराण्याचे, प्रत्येक मुलखाचे उपाध्ये ठरलेले असतात आणि त्यांच्याकडे नामावळी असते. तुमच्या घरातलं कुणी पूर्वी नाशिकला आलं असेल तर त्याने स्वतःच्या हाताने नाव, गाव, भाऊ, मुलं आणि आल्याची तिथी लिहून ठेवलेली सापडू शकते. वही शोधायला वेळ लागतो. एका उपाध्यांकडून दुसऱ्यांकडे पाठवतात, मध्ये चहा होतो. कॅमेऱ्यासमोर ज्यांची वही उघडली ते गृहस्थ खानदेशातून आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही काही बोलत नाही.

(काही क्षण निवेदन नाही. बोट पानावरून सरकतं.)

शेवटी त्यांनीही लिहिलं. दक्षिणा ऐपतीप्रमाणे द्या, आणि कुठलाही विधी करायचा असेल तर आधी आकडा विचारा. विचारण्यात अपमान नाही, ते स्वतःही तेच सांगतील.

(दृश्य : नारोशंकराचं देऊळ, मोठी घंटा.)

काठावरचं हे रामेश्वराचं देऊळ, १७४७ सालचं. बांधणारे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर, म्हणून लोक नारोशंकराचं देऊळ म्हणतात. घंटा पोर्तुगिजांची. तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या विजयाची ही खूण. पुराचं पाणी घंटेला लागलं म्हणजे फार झालं, असा जुना हिशेब. मारुती बुडाल्यावर पुढचं माप हे. घंटेखाली उभं राहून सेल्फी घेता येतो, पण मागे वळून शिखरावरचं कोरीवकामही बघा; तिथे कुणाचीच नजर जात नाही.

वर चढून गेलं की कपालेश्वर. महादेवापुढे नंदी नाही असं हे देऊळ. तिथून काळाराम चालत पाच-सात मिनिटं.

(दृश्य : काळारामाचा पूर्व दरवाजा, काळा दगड, सकाळची तिरपी उन्हं.)

गाभाऱ्याचं चित्रण आमच्याकडे नाही. दरवाजाचं आहे, आणि तेच हवं होतं. सरदार ओढेकरांनी रामशेजच्या डोंगरातल्या दगडात हे मंदिर बांधलं, काम बारा वर्षं चाललं असं सांगतात. २ मार्च १९३० या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं चार-चारच्या रांगांनी या दरवाजांवर आली. दादासाहेब गायकवाड पुढे होते. दरवाजे बंद होते. सत्याग्रह काही वर्षं चालला, दरवाजे उघडले नाहीत, आणि १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. आत जाताना उंबऱ्यापाशी क्षणभर थांबा.

(दृश्य : रामसेतू पूल. मग भांडी बाजार. ठोक्यांचा आवाज.)

पूल ओलांडला की जुनं नाशिक. बुधवारी आलात तर घाटावर आठवडे बाजार भरलेला दिसेल. कांद्यापासून कुऱ्हाडीच्या दांड्यापर्यंत. नाहीतर सरळ भांडी बाजारात शिरा.

आवाज ऐका. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडते तो मठारकामाचा आवाज. पत्रा आधी तापवतात, ठोकून गोल करतात, तळ वेगळा आणि धड वेगळं घडवून जोडतात. मग खुंटावर घालून बाहेरून एकेक ठोका. ठोका सारखा पडला तरच उजेडात भांडं चमचमतं, एखादा चुकला की तिथे डोळा अडतो. या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, म्हणून मठारलेला हंडा सहज चेपत नाही. बंब, घंगाळ, कळशी, तपेली, समई. यंत्रावरचं गुळगुळीत भांडं शेजारीच टांगलेलं असतं, स्वस्त असतं. तांबं-पितळ वजनावर मिळतं. किलोचा भाव विचारा, घडणावळ वेगळी आहे का तेही विचारा. सीलबंद गंगाजळाचा गडू इथेच घ्या. पितळेच्या पातेल्याला कल्हई करून मागा. दुकानदार खूष होतो, कारण आता ते कुणी विचारत नाही.

तांबट आळीत पूर्वी घराघरातून हा आवाज यायचा. आता काही घरांतून येतो.

(दृश्य : गल्ली. लाकडी खांब, कोरलेले हस्त, दिंडी दरवाजा, चौकातली तुळस. एका वाड्याची अर्धी भिंत.)

वाडे बघायचे तर मान वर करून चाला. खाली बँकेची पाटी आणि मोबाईलचं दुकान, वर शिसवी नक्षी. सराफ बाजाराजवळ पेशवेकालीन सरकारवाडा आहे. बाकीचे वाडे खाजगी आहेत, दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. हाक मारा, "काकू, चौक बघू का?" म्हणून विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात आणि पाणीही देतात. पावसाळ्यात दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात आणि एखादा पडतो.

भूक लागली असेल. मिसळ. नाशिकची मिसळ सकाळची असते, आणि रविवारी तर अख्खं शहर त्याच कामाला निघतं. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, शेव, सोबत पापड, दही, कांदा-लिंबू आणि मऊ पाव. रस्सा पुन्हा मागायला लाजू नका, तो द्यायचाच असतो. सर्वांत चांगली कुठली यावर कॅमेऱ्यामागच्या आमच्या चौघांचंही एकमत झालं नाही, म्हणून नाव घेत नाही. जुन्या गल्लीत जिलेबीही मिळते. पुढे चला.

(दृश्य : तिवंधा चौक. साधा डांबरी रस्ता, स्कूटर जातात. मग त्याच जागी खोदकाम.)

आत्ता तुमच्या समोर स्कूटर जातेय ना, तिच्या चाकाखाली रहाड आहे.

रहाड म्हणजे पेशवाईतला दगडी हौद, भर चौकात, माणूस बुडेल इतका खोल. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके, त्यावर माती, त्यावर रस्ता. रंगपंचमीच्या आधी गल्लीतली पोरं कुदळ-फावडं घेऊन येतात. माती काढतात, ओंडके एकेक करून उचलतात. वर्षभराचा कोंडलेला दमट वास बाहेर येतो. हौद धुऊन काढतात. तोवर बाजूला चुलवण पेटलेलं असतं आणि मोठ्या कढईत फुलं उकळत असतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला : कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी. तो बदलत नाही. रंग गार झाला की रहाडीत ओततात, वरून पाणी भरतात. मानकरी येतात, पूजा होते. पहिला मान त्यांचा.

आणि मग धप्पा.

(दृश्य : उड्या. हळू गतीत उसळलेला रंग. बराच वेळ फक्त आवाज.)

धप्पा म्हणजे रहाडीत अशी उडी, की रंग काठावर उभ्या असलेल्यांच्या डोक्यावरून जावा. दोन पाय पोटाशी घेऊन पाठीवर पडतात. काठावरचे लोक ओरडून सांगतात कुणाचा धप्पा भारी झाला. सगळ्या वयाचे असतात; आजोबा उडी मारतात आणि नातू हात धरून वर काढतो.

जुन्या नाशकात अशा बऱ्याच रहाडी होत्या. काही रस्त्याखाली बुजल्या त्या बुजल्याच. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, दंडे हनुमान चौक, तांबट लेन, पलीकडे पंचवटीत शनि चौक इथल्या उघडतात. शहराचे रस्ते सिंहस्थासाठी पुन्हा खणले जाताहेत. खणणाऱ्याला खाली काय आहे ते माहीत असायला हवं, म्हणून इथे जागांची नावं घेतली.

रंगपंचमी म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी, धुळवडीला नाही. दुपारपर्यंत पोहोचा. जुने कपडे घाला, मोबाईल आणि पाकीट लॉजवर ठेवा, चष्मा असेल तर काढून खिशात नको, कुणाच्या तरी हातात द्या. पोहता येत नसेल तर काठावरच्या पोरांना आधी सांगा, ते धरतात. उडी मारायची नसली तरी कोरडं परत जाता येणार नाही. तो रंग अंगावरून निघायला दोन-चार दिवस लागतात, तेव्हा सोमवारी ऑफिसात मीटिंग असेल तर साहेबांना आधीच सांगून या.