भरती-ओहोटीवरचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

आज जिच्याविषयी बोलणार आहे, त्या लेखिकेचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिचं वय होतं ५८. नीट ऐका, ५८. आपल्या राज्यात सरकारी नोकर ज्या वयात निरोपाचा नारळ घेऊन घरी जातात, ते वय. नाव पेनेलपी फिट्झजेराल्ड, इंग्लंडच्या कादंबरीकार. पहिलं पुस्तक, एका चित्रकाराचं चरित्र, १९७५ साली आलं, आणि चारच वर्षांत, १९७९ मध्ये, त्यांच्या ‘ऑफशोअर’ या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळालं. त्या वर्षीच्या यादीत व्ही. एस. नायपॉल होते, तरीही ते या बाईंना मिळालं.

मग ५८ वर्षं त्या करत काय होत्या?

घराणं मोठं. दोन्ही आजोबा बिशप, वडील ‘पंच’ या प्रसिद्ध साप्ताहिकाचे संपादक. ऑक्सफर्डला पहिला वर्ग मिळवून बाहेर पडल्या. ही मुलगी आता लिहिणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. तेवढ्यात महायुद्ध आलं आणि त्या बीबीसीत लागल्या, ध्वनिमुद्रित कार्यक्रमांच्या विभागात. लंडनवर बॉम्ब पडत होते, कर्मचारी ब्रॉडकास्टिंग हाऊसच्या संगीत सभागृहात गाद्या टाकून झोपायचे आणि बातम्या वेळेवर जायच्या. यावर त्यांनी पुढे ‘ह्यूमन व्हॉइसेस’ ही कादंबरी लिहिली. रेडिओत काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं माझं ठाम मत आहे. माईकसमोर खरं तेवढंच बोलायचं, ऐकणाऱ्याला गोड लागो वा न लागो, ही शिस्त त्या लोकांनी बॉम्बच्या आवाजात पाळली. आपल्याला तर स्टुडिओत पंखासुद्धा बंद लागतो.

असो. लग्न झालं, तीन मुलं झाली. नवरा डेस्मंड युद्धात शौर्यपदक मिळवलेला, व्यवसायाने बॅरिस्टर. पण युद्धावरून आलेला माणूस दारूत बुडत गेला. पैसा पुरेना. लंडन सोडून समुद्रकाठच्या साउथवोल्ड गावात गेले, तिथे कालवं साठवायच्या जुन्या, ओल्या गोदामात राहिले. पेनेलपीबाई तिथल्या पुस्तकाच्या दुकानात काम करायच्या. तिथेही भागेना, म्हणून १९६० च्या सुमारास परत लंडन. आणि लंडनमध्ये स्वस्तात स्वस्त घर कोणतं मिळालं? एक बोट.

आता ही हकीगत मला सावकाश सांगू द्या.

थेम्स नदीत, चेल्सीजवळ, जुन्या मालवाहू लाकडी बोटी काठाला बांधून ठेवलेल्या असत आणि त्यांत माणसं राहत. त्यांतली एक, ‘ग्रेस’ नावाची, यांनी घेतली. थेम्सला समुद्राची भरती लागते. कोकणातल्या खाडीकाठच्या श्रोत्यांना हे समजावायला नको: भरतीला बोट पाण्यावर, ओहोटीला चिखलात बसलेली. दिवसातून दोनदा घर उचललं जायचं आणि दोनदा खाली टेकायचं. ‘ऑफशोअर’मध्ये तर लिहिलंय की त्या बोटींवरचा संडास फक्त पाणी उतरत असतानाच वापरता येई. घरात दोन शाळकरी मुली आहेत आणि संडासाला जायचं ते भरतीचं वेळापत्रक बघून. बायाबापड्यांनो, याचा विचार करा जरा!

आणि बोट गळकी. आपलं छप्पर गळलं तर आपण खाली पातेलं ठेवतो. इथे पाणी खालून येतं, पातेलं ठेवणार कुठे? तरी त्या तिथे राहिल्या. रोज सकाळी फळीवरून काठावर यायचं, शाळेत शिकवायला जायचं, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन परत बोटीवर. अशातच १९६२ मध्ये नवऱ्याचं प्रकरण उघडकीला आलं. ऑफिसातले चेक त्याने खोट्या सह्या करून वटवले होते. सनद गेली.

पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, ग्रेस बुडाली. म्हणजे घर बुडालं, अक्षरशः. माणसं वाचली, पण पुस्तकं, पत्रं, घरातले जुने कागद, सगळं थेम्सच्या पाण्यात गेलं. आणि असं सांगतात की त्या वेळी बाई वर्गात उशिरा पोचल्या आणि मुलींना म्हणाल्या, ‘माफ करा हं, उशीर झाला. माझं घर बुडालं.’ आणि शिकवायला लागल्या.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! दर वेळी ऐकणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. कारण त्यानंतर काय झालं, तर ऑक्सफर्डची पहिल्या वर्गाची पदवी घेतलेली ही बाई मुलांना घेऊन बेघरांच्या निवाऱ्यात राहिली, चार महिने. मग क्लॅपममध्ये सरकारी घर मिळालं, तिथे ११ वर्षं. नवऱ्याला सोडलं नाही. नोकरीही सोडली नाही. शिक्षकांच्या गजबजलेल्या खोलीत, मोकळ्या तासाला, त्या लिहायला बसत. पहिली कादंबरी, ‘द गोल्डन चाइल्ड’ ही रहस्यकथा, आजारी नवऱ्याची करमणूक व्हावी म्हणून लिहिली. ती छापून आली १९७७ मध्ये. तो आदल्याच वर्षी गेला होता.

इथे माझं एक गाऱ्हाणं नोंदवते. नवोदित लेखकांच्या स्पर्धांना पस्तिशीची, चाळिशीची अट का घालतात? नवोदित म्हणजे जो नव्याने लिहू लागला तो. स्वयंपाक, शाळा, आजारपणं उरकून जी बाई पंचावन्नाव्या वर्षी पहिली कथा लिहिते, तिने अर्ज कुठे करायचा? स्पर्धा भरवणाऱ्यांनी ही अट काढावी. अगदी या वर्षीच काढावी.

आणि पेनेलपीबाईंची ती वर्षं फुकट गेली असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. पुस्तकाचं दुकान ‘द बुकशॉप’मध्ये आलं. बीबीसी ‘ह्यूमन व्हॉइसेस’मध्ये. नाटकाच्या शाळेत शिकवलं, ते ‘अ‍ॅट फ्रेडीज’मध्ये. आणि बुडालेली बोट ‘ऑफशोअर’मध्ये, तिच्या खऱ्या नावासकट. त्यात मार्था आणि टिल्डा या दोन मुली ओहोटीच्या चिखलातून जुन्या नक्षीच्या फरशा शोधून काढतात आणि दुकानात नेऊन विकतात. त्या चिखलाचा तपशील वाचताना कळतं, हे काठावर उभं राहून बघितलेलं नाही. पुस्तक अर्पण केलंय तेही ग्रेसला आणि तिच्यावरून प्रवास केलेल्या सगळ्यांना.

तर लायब्ररीत इंग्रजी कपाटापाशी गेलात की आधी ‘ऑफशोअर’ मागा. लहानसं पुस्तक आहे, दीडशे पानांच्या आतबाहेर. दोन दुपारींत होईल. मग ‘द बुकशॉप’ घ्या. आणि ‘द ब्लू फ्लॉवर’ मात्र घाईत वाचू नका. ते १९९५ साली आलं, बाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या. हो, ७८.

नमस्कार.