कोयनेच्या काठचं रान

नमस्कार मंडळी. आज कोयनेबद्दल बोलायचंय. धरणाबद्दल आपण नेहमीच बोलतो, किती टीएमसी भरलं, दरवाजे किती फुटांनी उघडले वगैरे, पण आज धरणाच्या पलीकडच्या रानाबद्दल सांगते.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. घाटावरच्या बहुतेक नद्या सह्याद्रीत उगवल्या की तोंड पूर्वेकडं करून चालू लागतात. कोयना तसं करत नाही. महाबळेश्वरला उगवते आणि पुढं साधारण ६५ किलोमीटर डोंगराला चिकटून दक्षिणेला जाते, मग हेळवाकला काटकोनात वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्या दक्षिणेला जाणाऱ्या पट्ट्यात तिच्या पश्चिमेला घाटाची मुख्य धार आहे, आणि धारेपलीकडं कडा जो तुटतो तो थेट कोकणात. त्या धारेवर दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं ना, की डाव्या पायाशी पडलेला पाऊस कृष्णेतून हजार किलोमीटरच्या वर चालत बंगालच्या उपसागराला जातो आणि उजव्या पायाशी पडलेला कोकणातल्या वाशिष्ठी नदीतनं अरबी समुद्राला. आणि गंमत बघा, आपण माणसांनी कोयनेचं बरंचसं पाणी बोगद्यातनं पोफळीकडं खाली सोडलं, त्यावर वीज केली आणि तेच पाणी वाशिष्ठीला दिलं, म्हणजे पूर्वेला जायचं पाणी आता चिपळूणवरनं जातं.

पावसाचं सांगायचं तर नवजाला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि आपल्याच सातारा जिल्ह्यात माणला कसाबसा ५००, तोही वेळेवर आला तर. जिल्हा एकच. मधे उभा आहे तो डोंगर. माणमधल्या माणसाला वाटतं घाटावरच्या जंगलाचं आपल्याला काय, पण कृष्णेचं जे पाणी उपसा योजनांनी तिकडं चढवतात ते पाणी मुळात याच घाटमाथ्यावर पडलेलं असतं.

हा सगळा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. जुलैत कड्याकडं बघा, थराथरातनं पाणी गळताना दिसतं. आणि माथ्यावर जिथं सपाटी आहे तिथं जांभा, म्हणजे तांबडा दगड, त्या सपाटीला आपण सडा म्हणतो. कासचा सडा सगळ्यांना माहितीय, सप्टेंबरात फोटो काढायला गर्दी होते. पण सड्यावर गुडघे टेकून बघा एकदा. बोटभर माती, त्यात निळ्या रंगाची सीतेची आसवं, आणि तेच इवलंसं फूल जमिनीखाली बारीक पिशव्यांत किडे पकडून पोट भरतं, कारण त्या दगडावर खायला दुसरं काही नाहीच. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिथनं उठवेना.

कोयना अभयारण्य झालं १९८५ साली, त्यात वासोटा येतो, ज्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, म्हणजे वाघ इथला जुनाच. त्याच्या दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली, ते २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० मध्ये दोन्ही जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प केला, सगळा मिळून ११६५ चौरस किलोमीटर. नंतर २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यातली चार आपली, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

पण ही राखलेली रानं रिकामी नव्हती हो. चांदोलीत आत गेलं की मधेच झाडी विरळ होते, गवत लागतं, आणि मग एखादा जोत्याचा दगड, पाटा ठेवलेली जागा, तुळशीवृंदावन, ओळीत लावलेले आंबे. गाव होतं तिथं. काही गावं धरणात गेली, काही अभयारण्यासाठी उठली, माणसं लांब लांब जाऊन वसली. त्यांच्या जुन्या भातखाचरांत आता गवत वाढतं आणि त्या गवतावर गवे, सांबर चरतात. जंगल आज जे दिसतं त्यात त्या घरांचा वाटा आहे, आणि ज्यांनी गाव सोडलं त्यांना अजून कुठं कुठं जमिनीसाठी खेपा माराव्या लागतात हे मला बरोबर वाटत नाही, अजिबात नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजी कशाची आहे सांगू? अभयारण्याच्या आतली नाही, मधल्या जागेची. चांदोलीचा वाघ राधानगरीला, तिथनं आंबोली, तिलारी करत गोव्याच्या म्हादईला आणि कर्नाटकातल्या काळीच्या जंगलाला जोडलेला आहे, ये-जा त्याच वाटेनं. ती वाट म्हणजे विशाळगड, गगनबावडा, आजऱ्याकडची खासगी राई, देवराया, सडे, कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं रान. नकाशावर तिला हिरवा रंग नाही. सड्याच्या जांभ्यातच बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, असतं म्हणून खाण तिथंच लागते, रिसॉर्टला व्ह्यू पाहिजे म्हणून प्लॉट कड्यालाच पडतो, आणि रस्ता रुंद झाला की दोन्हीकडची राई एकमेकीला तुटते. वाघ लांब राहिला, एवढंसं भेकरसुद्धा ते ओलांडायला कचरतं.

मागे एकदा मी रात्रीच्या एसटीनं घाट चढत होते. वळणावर ड्रायव्हरकाकांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, हेडलाइटही विझवले. पुढं काय ते आधी दिसेना, नुसतं ओल्या गवताचा आणि गुरांसारखा वास. मग डोळे सरावले. गवे होते, सात-आठ, अंगानं काळेकुट्ट, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, एकेक करत खालच्या राईतनं वर येऊन रस्ता ओलांडत होते. मागं एक पिल्लू राहिलं, ते डांबरावर आलं, थांबलं, खुर घासून बघितला. एक गवी परत आली, त्याच्या शेजारी उभी राहिली, मग दोघं मिळून पलीकडं गेली. बसमध्ये कुणी बोललं नाही. काकांनी आणखी दोन मिनिटं तशीच जाऊ दिली आणि मग गाडी चालू केली.